आपलंच घर समजा

'ग्वाही' हा शब्द कानावर आला की आजही माझं डोकं उठतं. माणूस साधं 'हो' म्हणाला तर निदान आशा असते. त्यानं ग्वाही दिली की समजावं, आता काही होणार नाही. नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या एका मराठी साप्ताहिकात मजकूर तपासायचं काम करत होते. दर आठवड्याला इतक्या ग्वाह्या माझ्या हाताखालून जायच्या की त्यांतल्या मोजक्या जरी खऱ्या झाल्या असत्या, तरी आमच्या भागात गटारं बांधून झाली असती, रस्त्यावर दिवे लागले असते आणि मराठी शाळेचं छप्पर गळायचं थांबलं असतं.

साप्ताहिक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, एक कॉम्प्युटर, तो चालवणारा ऑपरेटर, मी आणि संपादक. संपादक माणूस वाईट नव्हते, पण साधं वाक्य त्यांना उघडं वाटायचं. त्यांच्या अंकात कार्यक्रम कधी नुसता झाला नाही, तो मोठ्या उत्साहात संपन्नच व्हायचा. फीत कापणारा कुणीही असो, त्याचे हात शुभ असायचे. कार्यकर्ते अथक परिश्रम घ्यायचे. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी ओळखत होते, आणि समोरचा पाण्याचा ग्लाससुद्धा त्यांना कुणीतरी उचलून द्यावा लागायचा. ऑपरेटरनं ही सगळी वाक्यं कॉम्प्युटरमध्ये तयारच करून ठेवली होती. फक्त नाव बदलायचं आणि पुढे जायचं. निधनाच्या बातमीचा साचा वेगळा होता. त्यात गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असायचा आणि त्याच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण व्हायची. आमच्या लोकांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या, पोकळ्या मात्र दर शनिवारी तयार होत होत्या.

मग माझे वडील गेले आणि तो साचा आमच्या घरावरच येऊन पडला.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. खानदेशातून आलेल्या बाकीच्यांसारखे तेही आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. पुढे कानांनी दगा दिला, तेव्हा शेठनं त्यांना भेस्तानच्या आपल्या कारखान्यात वॉचमन केलं. गेटला लागूनच एक खोली होती, ती नोकरीबरोबर मिळाली. खोलीच्या दारात आबांची सुतळीची खाट टाकलेली असायची. त्या खाटेवर बसून ते गेट राखायचे, आणि असं राखायचे की शेठच्या सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी एकदा चिठ्ठी नाही म्हणून बाहेर उभं केलं होतं. आबा तापट होते, फटकळ होते, कुणाच्या लग्नात जेवले तरी वरणाला नाव ठेवून यायचे. माझा त्यांच्यावर फार जीव होता. पण त्यांना मनमिळाऊ कोणी म्हणावं, तर ते स्वतःच उठून भांडले असते.

बातमीतून तेवढा एक शब्द काढा, असं मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, मग काय लिहायचं, रागीट? मी म्हटलं, लिहा. त्यांनी माझ्याकडे 'दुःखानं माणसाचं कसं होतं बघा' अशा नजरेनं पाहिलं आणि 'मनमिळाऊ'च्या शेजारी 'प्रेमळ' वाढवला.

घरी माणसं भेटायला येत होती. आमच्याकडे ही रीतच आहे, आणि चांगली रीत आहे, असं मी आजही मानते. माणसानं यावं, बसावं, पाणी प्यावं, उठावं. पण बसलेल्या माणसाला गप्प राहवत नाही आणि मग तो बोलायला लागतो. देवापुढे कुणाचं चालतं का. जे झालं ते झालं. आता तुम्हीच धीर धरा. आणि उंबऱ्यातून चप्पल पायात सरकवताना, ठरल्यासारखं प्रत्येक जण एकच बोलायचा, "काही लागनं ते सांगा. आर्ध्या रातले हाक मारा." लूमवाले बोलले, आमच्या समाजाच्या मंडळातले बोलले, आबांनी ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता तेही बोलले. शेठ स्वतः आला, चप्पल काढून आत आला, आणि माझ्या आईला म्हणाला, "बेन, खोलीनी कोई उतावळ नथी. शांतिथी." खोलीची घाई नाही, सावकाश होऊ द्या.

आईला मी माय म्हणते. माय शाळेत गेलेली नव्हती. ती प्रत्येकाचं ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. मी आतल्या बाजूला बसून चिडत होते, कारण ही सगळी वाक्यं मी रोज तपासून पुढे पाठवत होते आणि त्यांची किंमत मला ठाऊक होती. मायला ती ठाऊक नव्हती, किंवा तेव्हा मला तसं वाटलं.

दहाव्याला कारखान्याच्या आवारातच सतरंज्या घातल्या. आमच्यात दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. माइक मंडळाचा होता, त्यामुळे मंडळाचे अध्यक्ष शेवटी बोलणार हे ठरलेलं होतं. अध्यक्ष पर्वत पाटियाला राहायचे. रेती-सिमेंटच्या धंद्यात त्यांचं बस्तान बसलं होतं, स्वतःचं दोन मजली घर होतं, आणि महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं. आबांना ते फार तर दोनदा भेटले असतील, त्यातही एकदा आबांनी त्यांची गाडी गेटबाहेर लावायला लावली होती. पण माइक हातात आला तसा त्यांचा गळा भरून आला. त्यांनी पोकळीचा उल्लेख केला. समाज या माउलीच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे, असं सांगितलं. आणि मग बायकांच्या बाजूला वळून ते म्हणाले, "वहिनी, स्वतःला एकटं समजू नका. माझं घर ते आपलंच घर समजा. माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे." पाठीमागे एकानं टाळी वाजवली आणि मग कुठे आहोत ते आठवून हात मांडीवर ठेवले.

पुढच्या अंकात ती बातमी आली. 'आपल्या घराची दारे या कुटुंबासाठी सदैव खुली राहतील, अशी ग्वाही त्यांनी दिली.' ती माझ्याच टेबलावरून गेली. संध्याकाळी मायनं मला अंक वाचून दाखवायला सांगितला. मी भरभर वाचून संपवला. तिनं पुन्हा वाचायला लावला, आणि अध्यक्षांचं वाक्य आलं तिथं बोट ठेवून विचारलं की हे तिथंच लिहिलंय ना. मी हो म्हटलं. अंक घडी घालून तिनं देवाच्या फोटोमागे ठेवला.

शेठची ती 'शांतिथी' पंधरवडाही टिकली नाही. एका सकाळी गेटवर नवा वॉचमन पत्र्याची पेटी घेऊन उभा राहिला. बिचारा भला माणूस होता, ओशाळून पेटीवरच बसून राहिला. मुनीम येऊन म्हणाला, शेठला वाईट वाटतंय, पण माणसाला झोपायला जागा तर हवी. महिना संपेपर्यंत खोली रिकामी करायची होती.

माझ्या पगारात भाड्याची खोली परवडली असती. अडचण ती नव्हती. खोली बघायला गेलं की घरमालक आमच्या दोघींच्या मागे कुणी आहे का ते बघायचा आणि विचारायचा, जेन्ट्स कौन है? जेन्ट्स नाहीत म्हटलं की खोली कालच लागलेली असायची. एका मालकानं खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, नुसत्या बायकांना देत नाही, पण तुमच्या ओळखीतल्या कुणी माणसानं येऊन सांगितलं की ह्या आमच्या घरच्यासारख्या आहेत, तर देईन. त्याला कुणाची सही नको होती, जामीन नको होता. एका माणसानं येऊन तोंडानं एक वाक्य बोलायचं होतं.

माय म्हणाली की मग तर सोपं आहे, सगळ्यांनीच सांगून ठेवलंय. आणि खरोखर ती एकेकाच्या दारात गेली. मी तिच्याबरोबर असायचे, आणि तिथे मी जे ऐकलं ते आमच्या अंकापेक्षा वाईट होतं, कारण अंक निदान बाजूला ठेवता येतो. आबांबरोबर लूमवर उभा राहिलेला एक जण म्हणाला, बघू. कधी बघू, ते सांगितलं नाही. दुसरा म्हणाला, करू आपण काहीतरी. मायनं विचारलं, काहीतरी म्हणजे काय, उद्या सकाळी माझ्याबरोबर याल का? तर तो म्हणाला, वहिनी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. तिसऱ्यानं 'आपण आहोत ना' एवढ्या वेळा म्हटलं की तो कुठेच नाही हे मला कळून चुकलं. अर्ध्या रात्री हाक मारा म्हणणारी ही माणसं भर दुपारी हाक मारली तर ओ देत नव्हती. त्यांतलं कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांनी चहा पाजला, एकानं तर आम्हाला रिक्षापर्यंत सोडलं. फक्त ते वाक्य बोलायला कुणी मालकाकडे आलं नाही, आणि ती खोली गेली.

मी घरी येऊन रडले आणि या सगळ्यांना शिव्या घातल्या. मायनं एकालाही नाव ठेवलं नाही. तिनं विचारलं, "तो पर्वत पाटियावाला माइकवर बोलना ना?" मी म्हटलं, बोलला. "आनि तुमना पेपरमा छापेल शे ना?" मी म्हटलं, छापलंय, पण त्याचा अर्थ तसा नसतो. ती म्हणाली, मग कसा असतो? मी इतकी शब्दांवर जळणारी, दिवसभर शब्दच तपासणारी. आणि बोलायची पद्धत असते, एवढंच मी म्हणाले.

महिना संपला त्या सकाळी माय मला कामावर जाऊ देईना. बाहेर सामान वाहायची पायडलची लारी उभी होती. तिच्यावर तिनं ट्रंक, भांड्यांचं पोतं, स्टोव्ह, गाद्या आणि सगळ्यांवर आबांची खाट उलटी करून बांधली होती. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, आपल्या घरी. लारीवाल्याला तिनं पत्ताही सांगून ठेवला होता.  मी तिला हरतऱ्हेनं समजावलं, हाताला धरलं, रस्त्यात तमाशा नको म्हणून गयावया केली. नवा वॉचमन पेटीवर बसून हे सगळं बघत होता. शेवटी लारी निघाली आणि मायच्या मागोमाग मीही निघाले, दुसरं करणार काय.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही संसार घेऊन भर चौकात उभ्या, आणि मी मनात प्रार्थना करत होते की अध्यक्ष गावाला गेलेले असोत. ते घरीच होते. ओसरीवर चारपाच माणसं आपापली कामं घेऊन बसली होती आणि अध्यक्ष त्यांतल्या एकाला सांगत होते, "तुझं काम झालं समज." तेवढ्यात लारी दारात येऊन थांबली. मायनं पदर नीट केला, पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगं व्हतं, आपलंच घर समजा. उनूत आम्ही." आलो आम्ही.

अध्यक्षांनी लारीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, बसलेल्या माणसांकडे पाहिलं. माणूस हुशार होता, पण तयार वाक्य सापडेना तेव्हा तो इतका गोंधळला की मला त्याचीच दया आली. तो हळू आवाजात म्हणाला की वहिनी, अहो, असं बोलायची पद्धत असते. मी मायला त्या दिवशी जे म्हणाले होते तेच, शब्दाला शब्द. माय जागची हलली नाही. आतून अध्यक्षांची बायको आली. हाताला पीठ होतं. तिनं सगळं ऐकलं असावं.

"पद्धत तुमनी," ती नवऱ्याला म्हणाली, "मझार येऊ द्या त्यासले." त्यांना आत येऊ द्या.

आम्ही पुढच्या खोलीत राहिलो, जिथे सोफा होता आणि अध्यक्षांचे हारातले फोटो होते. माय पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात जाऊ लागली. अध्यक्षांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, आणि तिचं असं जमलं की मला नवल वाटलं; मग लक्षात आलं, घर एवढं माणसांनी भरलेलं असून काकूंशी कुणी बोलायला नव्हतं. अध्यक्ष रोज सकाळी ओसरीवर बसून काम झालं समजा, मी स्वतः लक्ष घालतो, फोन करून टाकतो असं सांगत राहायचे, आणि मायला ते भाकरी थापताना ऐकू यायचं. रात्री ते जेवायला बसले की ती दाराआडून निरागसपणे विचारायची, "व्हयनं का त्यानं काम?" झालं का त्याचं काम? ज्याचा मुलगा शाळेत घालायचा होता त्याचं, ज्याच्या नळाला पाणी नव्हतं त्याचं. अध्यक्षांना घास गिळता यायचा नाही. काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. नंतर नंतर त्या पदरही लावेनाशा झाल्या. मी मात्र दर रात्री शरमेनं अर्धी व्हायचे आणि मायला सांगायचे, असं विचारू नये. ती म्हणायची, मी काय वाईट विचारलं?

अध्यक्षांनी यातूनही वाट काढली. त्यांनी संपादकांना बोलावून घेतलं. शब्दाला जागणारं नेतृत्व, अशी बातमी करायची होती. फोटोवाला आला, माय आणि मी सोफ्यावर, मागे अध्यक्ष हात जोडून. बातमी लिहायला संपादकांनी मलाच सांगितलं. मी लिहिलं की यांनी एका विधवेला आणि तिच्या मुलीला आपल्या घरात राहू दिलं आणि त्यांच्या पत्नीनं दोघींना जेवू घातलं. संपादकांनी ते वाचून कपाळाला हात लावला. छापून आलं त्यात 'दातृत्वाचे विलोभनीय दर्शन' होतं, 'सामाजिक बांधिलकी' होती आणि काकू कुठेच नव्हत्या. मी त्या दिवशी ऑपरेटरशी उगाच भांडले.

पण बातमी छापून आल्यावर अध्यक्ष अडकले. आता आम्हाला जा म्हणता येईना आणि राहा म्हणायची इच्छा होईना. एका सकाळी ते स्वतःच उठले, मायला आणि मला गाडीत घातलं आणि जवळच्याच एका चाळीच्या मालकाकडे नेलं. मालकानं तेच विचारलं, जेन्ट्स कौन है? अध्यक्ष म्हणाले, "ह्या आमच्या घरच्या आहेत." एवढंच वाक्य. पोकळी नाही, बांधिलकी नाही, ग्वाही नाही. मालकानं किल्ली काढून मायच्या हातात ठेवली. आमच्या एवढ्या पायपिटीचं उत्तर एवढ्याशा वाक्यात होतं हे बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी संतापच आला. 

निघायच्या दिवशी पुन्हा लारी आली. तेच पोतं, तीच ट्रंक, वर तीच खाट. उन्हाळा लागला होता. अध्यक्ष फाटकापर्यंत आले, हात जोडले आणि सवयीनं सुरू झाले, की वहिनी, केव्हाही या, आपलंच घर... आणि तिथं थांबले. मायकडे बघून त्यांनी ते वाक्य तसंच सोडून दिलं. त्यांना अर्ध्यावर थांबताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

काकू मागून आल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याचा त्यांना राग आलेला दिसत होता. येत जा, विसरू नको, असलं त्या काही बोलल्या नाहीत. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ते मोठे पापड, उन्हाळ्यात खाटेवर ओलं लुगडं अंथरून त्यावर घालतात, आणि एका बाईचं ते काम नाही.

"बुधवारले बिबडा करना शेतस," त्या मायला म्हणाल्या. "ऊन चढाना पहिले ये. मनाकडे एकच खाट शे."

ऊन चढायच्या आत ये, माझ्याकडे एकच खाट आहे. माय लारीवाल्याकडे वळली आणि आबांची खाट खाली उतरवायला सांगितली. दोरी सोडायला वेळ लागला. खाट तिनं स्वतःच्या हातानं त्या घराच्या अंगणात भिंतीला लावून उभी केली. बुधवारपर्यंत आम्ही दोघी नव्या खोलीत जमिनीवर झोपलो.